‘कुठलाही स्कॅनर चालतो’ हे रसायनांच्या बाटल्यांना लागू नाही

प्रयोगशाळेतल्या रसायनांचा साठा संगणकावर नोंदवायचं ठरलं की एक सल्ला हमखास फिरत येतो: ‘दुकानात बिलाला चालतो तो स्कॅनर इथेही चालेल. बाटलीवर कंपनीचा बारकोड असतोच. नाहीतर मोबाइल आहे. फारच काळजी वाटली तर आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) असलेला घ्या.’ यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

सगळ्यात घातक आहे तो कंपनीच्या बारकोडचा मुद्दा. तो कोड माल कोणता ते सांगतो, फार तर लॉट सांगतो. एकाच खोक्यातल्या चार बाटल्यांवर बहुधा एकच कोड असतो. सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, तोही पदार्थाचा असतो: ६७-६४-१ म्हणजे ॲसिटोन, मग बाटली कुठलीही असो. आता डायएथिल ईथरचं बघा. बाटली उघडली की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यात हळूहळू स्फोटक पेरॉक्साइडं तयार होऊ लागतात. कोणती बाटली कधी उघडली, हे प्रत्येक बाटलीपुरतं कळलंच पाहिजे. त्यासाठी प्रत्येक बाटलीला आपला स्वतंत्र क्रमांक आणि आपलं लेबल हवं. स्कॅनरचा विचार त्यानंतर.

दुकानातला साधा लेझर स्कॅनर फक्त रेघांचा कोड वाचतो. २ मिलीच्या वायलभोवती (छोट्या कुपीभोवती) असा कोड गुंडाळला की त्याची टोकं वळणाआड जातात. शिडीच्या पायऱ्यांसारखा आडवा फिरवून लावला तर वाचता येतो, पण वायलला तेवढी उंची कुठे असते? तिथे काही मिलिमीटरचा डेटा मॅट्रिक्स, म्हणजे बारीक ठिपक्यांचा चौकोनी कोड, बसतो. त्यात चूक दुरुस्त करण्याची सोय असल्याने थोडा डाग पडला तरी तो वाचला जातो. मात्र त्यासाठी कॅमेऱ्यासारखं चित्र टिपणारा २डी इमेजर लागतो. नवीन खरेदी असेल तर मी तोच घ्यायला सांगेन. सगळ्या बाटल्या मोठ्या असतील तर जुना लेझर जरूर वापरा, फक्त रेघांच्या कोडांपैकी कोड १२८ हा प्रकार छापा. त्यात चुकीचं वाचन पकडणारं तपासणीचं चिन्ह सक्तीचं आहे, कोड ३९ या प्रकारात नाही.

मोबाइल? ज्या हातमोज्यांनी बाटली धरली त्यांनीच तो धरायचा आणि नंतर कानाला लावायचा, हे मला मान्य नाही. ज्वलनशील वाफांमुळे धोकादायक ठरवलेल्या जागेत तर साधा मोबाइल नको आणि साधा स्कॅनरही नको.

आयपी ६५ मधला ६ धुळीबद्दल बोलतो, ५ पाण्याच्या फवाऱ्याबद्दल. ॲसिटोनसारख्या सॉल्व्हंटबद्दल (विद्रावकाबद्दल) त्यात अवाक्षर नाही. ॲसिटोनने पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचं आवरण खराब होतं, म्हणून कोणत्या द्रवाने पुसलेलं चालेल याची यादी उत्पादकाकडून लेखी मागा. लेबलाचंही तेच. उष्णतेने छपाई उमटणारा साधा थर्मल कागद अल्कोहोलने बिघडतो. पॉलिएस्टरच्या लेबलावर रेझिन रिबनने (प्रिंटरमधल्या रेझिनच्या शाईफितीने) केलेली छपाई कितीतरी जास्त टिकते.

‘जोडला की सुरू’ असंही म्हणतात. बहुतेक स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसतात आणि कर्सर असेल तिथे टाइप करतात. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर कोडमधल्या रोमन अक्षरांऐवजी देवनागरी अक्षरं उमटतात. म्हणून बाटलीचा क्रमांक निव्वळ अंकी ठेवणं बरं.

पैसे देण्याआधी स्कॅनर चाचणीसाठी मागून घ्या. सगळ्यात लहान वायल, फ्रीजरमधून नुकतीच काढलेली दव धरलेली ट्यूब आणि ॲसिटोनने पुसलेलं लेबल, ही तिन्ही हातमोजे घालून वाचून बघा.