डरहॅम सहलीला दोन तारे : आमचं उत्तर

नमस्कार ताई,

इंग्लंडमधल्या डरहॅमच्या सहलीत गाडी वर कॅथेड्रलपर्यंत (तिथल्या मोठ्या चर्चपर्यंत) नेली नाही, आईंना चढावं लागलं, टॉवर बंद होता, किल्ला बाहेरूनच दाखवला आणि कॅथेड्रलमध्ये 'नुसते खांबच खांब', असं तुम्ही लिहिलंय.

आधी गाडीचं. वेअर नदीने जुन्या डरहॅमला तीन बाजूंनी वेढलंय. कॅथेड्रल त्या टेकाडावर. सॅडलर स्ट्रीटची चिंचोळी, दगडी वाट वर जाते. 2002 पासून तिथे वाहनांना शुल्क आहे आणि वर आमची मिनीबस उभी करायला जागा नाही. टॅक्सी मात्र पॅलेस ग्रीनवर, म्हणजे कॅथेड्रलसमोरच्या हिरवळीपाशी, अगदी दाराजवळ सोडते. गुडघेदुखी आहे का, हे बुकिंगच्या फॉर्मवर आम्ही त्यासाठीच विचारतो. तुमच्या फॉर्मवर 'नाही' होतं.

टॉवरच्या 325 पायऱ्या, अरुंद आणि गोल फिरत जाणाऱ्या, लिफ्ट नाही. वारा वाढला की कॅथेड्रलवालेच तो बंद करतात. त्याचे पैसे आम्ही आधी घेतच नाही. किल्ल्यात विद्यापीठाचे विद्यार्थी राहतात, आत जायचं तर त्यांच्याच गाइडबरोबर, ठरल्या वेळी. आमच्या पत्रकात 'बाहेरून' असं स्पष्ट छापलंय.

खांबांबद्दल मात्र थोडं भांडतोच! काम 1093 साली सुरू झालं. मुख्य दालनातल्या मोठ्या गोल खांबांची उंची आणि घेर दोन्ही साधारण 6.6 मीटर. नागमोडी आणि चौकटीची नक्षी दगड रचण्याआधीच कोरलेली. सांध्याजवळ डोळे नेले की रेघ एका दगडावरून दुसऱ्यावर कशी जुळवलीय ते दिसतं. वरचं छत लाकडी नाही, दगडी कमानींच्या फासळ्यांवर पेललेलं आहे. पूर्वेच्या टोकाला फ्रॉस्टर्लीच्या काळ्या दगडाचे बारीक खांब आहेत, त्यातले पांढरे ठिपके म्हणजे प्रवाळांचे जीवाश्म. आईंना तिथे बसायला बाकंही आहेत.

पुन्हा आलात तर जुलैचा दुसरा शनिवार टाळा. खाणकामगारांच्या मेळाव्यामुळे रस्ते बंद असतात. पदवीदान कॅथेड्रलमध्येच होतं, तेव्हाही आत फिरता येत नाही. तारखा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. प्रेबेंड्स पुलावर दुपारनंतर जा, पश्चिमेचे दोन्ही मनोरे उन्हात येतात. काठाची वाट पावसात पानांनी निसरडी होते, तेव्हा चपला नकोत.