बिनकाट्याचा गळ

बाबांच्या मते सॅमन म्हणजे रावस. मुंबईच्या हॉटेलांत रावसापुढे 'इंडियन सॅमन' छापलेलं असतं, एवढा पुरावा त्यांना पुरे होता. प्रत्यक्षात दोघांचं नातं शेव आणि शेवग्याच्या शेंगेइतकंच. रावसाला हनुवटीखाली मिशांसारखे ४ धागे असतात, सॅमन गुळगुळीत. पण मालवणच्या खाडीत वाढलेल्या माणसाला सिएटलमधल्या १० वर्षांच्या पोराने मासे शिकवायचे नसतात.

आम्ही सॅमन पकडायला निघालो ते साल विषम होतं. पिंक जातीचा सॅमन २ वर्षंच जगतो आणि सिएटलला लागून असलेल्या आमच्या प्युजेट साउंड खाडीत त्याच्या झुंडी विषम सालीच येतात. बाबांना हे लगेच पटलं. आपल्याकडे माणसं वार पाळतात, इथे मासे साल पाळतात.

१५ वर्षांखालच्या मुलांना परवान्याचे पैसे नाहीत, पण ठेवलेला सॅमन तिथल्या तिथे कार्डावर नोंदवावा लागतो. बाबांनी ३ पेनं बरोबर घेतली. आईने वाटप करून ठेवलं, तिरफळं काढली. पहाटेच्या अंधारात मकिल्टिओहून फेरीबोट पकडून आम्ही व्हिडबी बेटावर बुश पॉइंटला पोचलो. ऑगस्ट असूनही दात वाजत होते.

किनाऱ्यावर माणसं खांद्याला खांदा लावून उभी. बाबांनी गळ हातात घेतला, टोक चाचपलं आणि त्यांचा चेहरा पडला. इथल्या नियमाने सॅमनच्या गळाला उलटा काटा चालत नाही.

"म्हणजे आता माशाक इचारून पकडूचो?"

गळाला आमिष म्हणून लावायचा होता गुलाबी प्लॅस्टिकचा तुकडा. खिशात आणलेली कोळंबी बाबांनी मुकाट्याने परत ठेवली.

माझी पहिली फेक माझ्याच टोपीत अडकली. दुसरी बाबांच्या स्वेटरात. तिसरी शेजारच्या आजोबांच्या दोरीत, आणि तो गुंता सोडवता सोडवता त्यांनी मला सॅमनच्या ५ जाती बोटांवर शिकवल्या. अंगठा चम. तर्जनी सॉकाय, कारण डोळ्यात घालायचं बोट तेच. मधलं सगळ्यांत लांब, म्हणून किंग. अंगठीच्या बोटात चांदी, म्हणून सिल्व्हर. करंगळी पिंक. शाळेतलं बरंच विसरलो, हे नाही.

नवव्या की दहाव्या तासाला (बाबा म्हणतात तिसऱ्या) काठी वाकली. मी किंचाळलो. बाबा माझ्यापेक्षा मोठ्याने किंचाळले, "ढील दी! ढील दी!" जणू पतंगच होता. आजोबा जाळी घेऊन धावले. उथळ पाण्यात चकाकत आला तो सिल्व्हर, माझ्या हाताएवढा लांब. बाबांनी पेनाचं टोपण काढलं.

आजोबांनी वाकून माशाची पाठ पाहिली. शेपटीच्या अलीकडे एक चिमुकला मांसल पर असतो. हॅचरीतल्या, म्हणजे मासे पैदास करायच्या केंद्रातल्या, पिल्लांचा तो कापून मगच त्यांना सोडतात. त्या मोसमात तिथे पर कापलेलाच सिल्व्हर ठेवता येत होता. माझ्याचा पर शाबूत होता.

"सगळे अवयव धड आसत म्हणान सोडूचो?" बाबांनी मला मालवणीत विचारलं. भाषांतर करायची माझी छाती झाली नाही. आजोबांनी मासा पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवला. बिनकाट्याचा, त्यामुळे अलगद सुटला. मासा गेला. बाबांनी टोपण लावलं.

परतीच्या फेरीत कोणी बोललं नाही. घरी आईने आमचे हात पाहिले आणि वाटपात उकडलेली अंडी सोडली. बाबांनी ताटातलं अंडं उचलून सगळीकडून फिरवून बघितलं.

"नीट बघ रे. पर कापलेलो आसा मा?"