हसाजी वारले की इझिकेल?

आमच्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर हसाजी आणि मृत्यूच्या दाखल्यावर इझिकेल. जमीन अलिबागच्या बाजूला, अकरा गुंठे, नारळ चार. वारस नोंदीला गेलो तर तलाठी भाऊसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर चढवला.

"वारलेत इझिकेल. हसाजींचं काय?"

"माणूस एकच, भाऊसाहेब. नावसुद्धा एकच."

"एक अक्षर तरी जुळतंय का?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सांगत सुटलो. मूळ हिब्रू नाव यहेझ्केल. 'हझक' म्हणजे बळकट, 'एल' म्हणजे देव; देव बळ देतो, असा अर्थ. बाबिलोनच्या बंदिवासातल्या नबीचं नाव. ते ग्रीकमध्ये गेलं तेव्हा घशातून खरवडून काढायचा 'ह' तिथे गळाला, आणि तसंच बिन-'ह'चं इंग्रजीतून इझिकेल होऊन आजोबांच्या शाळेच्या पटावर आलं. कोकणात आम्ही बेने इस्राएल ज्यू म्हणजे शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. ग्रीकांना न जमलेला 'ह' आमच्या तेल्यांनी नीट सांभाळला. शेवटचा देव तेवढा काढला आणि त्या जागी 'जी' बसवला. देव काय, समजून घेतो. माणूस मानपानावरून रुसतो.

पुरावा म्हणून मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळही काढलं. 1796 साली ते बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर.

"मग त्यांचा दाखला जोडा," भाऊसाहेब म्हणाले.

पुढच्या खेपेला साहेब मीटिंगला. त्यापुढच्या खेपेला सर्व्हर डाऊन. त्या नबीला म्हणे देवानं 390 दिवस डाव्या कुशीवर आणि 40 दिवस उजव्या कुशीवर निजायला लावलं होतं. लहानपणी ऐकून कीव यायची. कचेरीतल्या बाकड्यावर बसल्यावर वाटलं, बरा होता की तो, आडवा तरी होता.

चौथ्या खेपेला शंभराच्या नाही, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं: हसाजी आणि इझिकेल ही एकाच व्यक्तीची नावे आहेत. भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं. चेहरा पहिल्यांदाच मऊ झाला.

"अर्थ काय म्हणालात त्या दिवशी? देव बळ देतो?"

"हो."

"मग एवढी भानगड कशाला," पेनाचं टोपण काढत ते म्हणाले, "सरळ बळवंत लिहू का?"