अडीच हजार मुलं, एकवीस ग्रॅम आणि 'सिद्ध झालेला' पुनर्जन्म

'पुनर्जन्म विज्ञानाने सिद्ध! अमेरिकेने मान्य केले, आपण कधी करणार?' या मथळ्याचा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या ग्रुपांवर गेले काही महिने फिरतोय. फिरेना का, असे शंभर फिरतात. पण आता तो सदाशिव पेठेतल्या आमच्या मावशींपर्यंत पोहोचला आणि त्यांनी साडेतीन वर्षांच्या नातवासाठी चक्क 'पास्ट लाइफ रिग्रेशन'ची, म्हणजे संमोहनानं मागच्या जन्मात नेण्याच्या सेशनची, वेळ घेऊन ठेवली. पोराला डोक्यावरून पाणी ओतलेलं खपत नाही आणि मानेवर मागच्या बाजूला लालसर डाग आहे. मेसेजच्या हिशेबानं तो मागच्या जन्मी मान कापून नदीत टाकलेला कुणीतरी आहे.

मेसेजातले दावे असे: ऊर्जा नष्ट होत नाही म्हणून आत्माही होत नाही, आत्म्याचं वजन २१ ग्रॅम भरलं, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाने अडीच हजार मुलांवरून पुनर्जन्म सिद्ध केला, जन्मखुणा म्हणजे मागच्या जन्मीच्या जखमा, शांतीदेवीची खात्री खुद्द गांधीजींनी समिती नेमून केली, नागपुरातली बाई न शिकता बंगाली बोलू लागली, आणि शेवटी, संमोहनानं मागच्या जन्मात गेलं की फिट, दमा, भीती मुळापासून जाते. त्याखाली फोन नंबर. मेसेज कशासाठी लिहिलाय ते या नंबरवरून कळतं.

कर्मसिद्धान्तावर कुणाची श्रद्धा असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. 'विज्ञानाने सिद्ध' म्हटलं की मात्र हिशेब मागायचा.

ऊर्जेचं लवकर आटपतं. जिवंत माणूस स्वस्थ बसला असला तरी साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, आणि ती येते खाल्लेल्या अन्नातून. श्वास थांबला की हे जळणं थांबतं आणि देह खोलीच्या तापमानाला येतो. साठ किलोचा देह ३७ अंशांवरून २५ वर आला तर सुमारे ६०० किलोकॅलरी बाहेर पडतात, म्हणजे दोन वडापावांची ऊर्जा. ती खोलीतल्या हवेत गेली. हिशेब पूर्ण जुळतो, शिल्लक काही उरत नाही.

२१ ग्रॅमचा प्रयोग डंकन मॅकडूगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं केला आणि १९०७ साली छापला. रुग्ण सहाच, पलंगासकट काट्यावर ठेवलेले. त्यांतल्या दोघांची मोजमापं त्यानं स्वतःच बाद ठरवली. एक तर काटा जुळवता जुळवताच गेला. २१ ग्रॅम भरले ते एका माणसाचे, बाकीच्यांचे आकडे निराळे. पुढे त्यानं पंधरा कुत्र्यांवर तोच प्रयोग केला, काटा हलला नाही. म्हणजे मॅकडूगल खरा मानायचा तर कुत्र्याला आत्मा नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनी मानणाऱ्यांनी हा मेसेज पुढे ढकलण्यापूर्वी एवढं तरी बघायचं.

आता व्हर्जिनिया, कारण बाकी सगळा डोलारा याच नावावर उभा आहे. इयान स्टीव्हन्सन हे तिथले मानसोपचारतज्ज्ञ. १९६० च्या दशकापासून २००७ साली निधन होईपर्यंत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश, लेबनॉन, अलास्का इथून मागचा जन्म सांगणाऱ्या मुलांची सुमारे अडीच हजार प्रकरणं जमवली. झेरॉक्सच्या तंत्राचा शोध लावणाऱ्या चेस्टर कार्लसन यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली होती. माणूस कष्टाळू होता, भोंदू नव्हता, हे मान्य. पण 'सिद्ध झालं' असं ते स्वतः म्हणाले नाहीत.

का म्हणाले नाहीत ते एका प्रकरणाचा प्रवास पाहिला की कळतं. मूल दोन ते पाच वर्षांचं असताना काहीतरी बोलतं: माझं दुसरं घर आहे, मला गाडीनं उडवलं. घरचे विचारत सुटतात: घर कुठं होतं? नदी होती का? मूल मान डोलावतं. बोलणं चार घरी जातं, आणि दहा-वीस मैलांवर तशा पद्धतीनं गेलेला कुणीतरी सापडतोच. दोन्ही कुटुंबं भेटतात. 'ओळख बघू, तुझी बायको कोण?' असं विचारताना सगळ्यांच्या नजरा त्याच बाईकडे. संशोधक येतो ते बहुधा त्यानंतर महिन्यांनी, कधी वर्षांनी, दुभाषा घेऊन, आणि विचारतो की भेटीच्या आधी मूल नक्की काय म्हणालं होतं. तोवर आधीचं आणि नंतरचं एकजीव झालेलं असतं; कुणी खोटं बोलत नसतं, तरी चुकलेलं सगळं गळून जातं आणि जुळलेलं तेवढं राहतं. दुसरं कुटुंब सापडण्याआधीच मुलाचं बोलणं लिहून ठेवलं होतं अशी प्रकरणं अडीच हजारांत तीसेक. त्यांतली काही विचार करायला लावतात, हेही नाइलाजानं कबूल करतो. पण तीसेक प्रकरणांतली काही, आणि मेसेज म्हणतो अडीच हजार.

याहून अवघड गोष्ट स्टीव्हन्सन यांच्याच नोंदींत आहे. लेबनॉनमधले ड्रूझ लोक मानतात की आत्मा लगेच दुसऱ्या देहात जातो आणि पुरुषाचा पुरुषच होतो. तिथल्या प्रकरणांत लिंगबदल सापडत नाही. ब्रह्मदेशात बाईचा पुरुष, पुरुषाची बाई होते असं मानतात. तिथे अशी प्रकरणं भरपूर. अलास्कातल्या ट्लिंगिट लोकांत मेलेला माणूस आपल्याच नात्यागोत्यात परततो, आपल्याकडे बऱ्याचदा परक्या गावात. आत्मा जर निसर्गाच्या नियमानं फिरत असेल तर नियम मुलुखागणिक कसे बदलतील? मुलाचं बोलणं आजूबाजूच्या समजुतीच्या साच्यात ओतलं जात असेल, तर मात्र नेमकं असंच दिसायला हवं.

स्टीव्हन्सन यांनी आणखी एक केलं होतं. एका कुलपाचे आकडे फक्त स्वतःला ठाऊक असलेल्या वाक्यावरून लावून ते कुलूप विद्यापीठातल्या आपल्या विभागात ठेवलं. मेल्यावर जमलं तर कुणामार्फत तरी ते वाक्य कळवणार होते. कुलूप उघडल्याची बातमी नाही.

जन्मखुणांचं प्रकरण त्यांचं सगळ्यात दमदार. शवविच्छेदनाचा अहवाल किंवा तत्सम कागद मिळाला अशा ४९ प्रकरणांपैकी ४३ मध्ये खूण आणि जखम जुळल्याचं त्यांनी मांडलं. ऐकायला भारी. पण मेलेला माणूस बऱ्याचदा खूण बघून झाल्यावर शोधला जातो, आणि खून-अपघात झालेल्यांच्या अंगावर जखमा एकापेक्षा जास्त असतात. शोधत राहिलं तर जुळणारी एक मिळते.

मावशींच्या नातवाचा डाग तर याहून साधा. मानेवर केसांच्या रेषेपाशी फिकट गुलाबी-लाल, सपाट, कडा पुसट. बोट दाबलं की पांढरा पडतो, सोडलं की परत लाल. पोर रडलं की गडद. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या राहिल्यानं असं होतं. नवजात बाळांत हा डाग इतका सर्रास असतो की बालरोगतज्ज्ञ त्याकडे दोनदा बघतही नाहीत. कपाळावरचा, पापणीवरचा वर्ष-दोन वर्षांत जातो, मानेवरचा बऱ्याच जणांना मोठेपणीही राहतो, केसांखाली झाकलेला. तुमच्याही मानेवर असू शकेल. आरशात दिसत नाही एवढंच. कमरेखाली निळसर चट्टा असतो तोही असाच, आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतो आणि काही वर्षांत विरतो. हे सगळे जर घाव, तर मागच्या पिढीत पुण्यात म्हातारपणानं कुणी गेलंच नाही म्हणायचं.

शांतीदेवीचं थोडक्यात. दिल्लीची मुलगी, जन्म १९२६. मथुरेची लुगदी आपण होतो असं सांगणारी. तिच्या चौकशीच्या १९३६ च्या अहवालावर नावं तिघांची आहेत: लाला देशबंधू गुप्ता, पंडित नेकीराम शर्मा, ताराचंद माथूर. गांधीजींचं नाव त्यांत नाही. आणि ही मंडळी तिला घेऊन नोव्हेंबर १९३५ मध्ये मथुरेला गेली, त्याआधीच लुगदीचा नवरा आणि त्याचा नातेवाईक दिल्लीला येऊन तिला भेटून गेले होते. पेपर फुटल्यावर घेतलेली परीक्षा ती. नागपूरच्या बाईंबद्दल एवढंच की हा प्रकार सुरू झाला तेव्हा त्या तिशी ओलांडलेल्या सुशिक्षित बाई होत्या आणि त्यांनी आधी बंगाली वाचायचे थोडे धडे घेतले होते. हे स्टीव्हन्सन यांच्याच टिपणात आहे. 'न शिकता' हे शब्द मेसेजवाल्याचे.

आणि आता तो फोन नंबर. सेशन दोन-तीन तासांचं. आरामखुर्ची, मंद आवाज, संथ श्वास. दहापासून उलटे आकडे. 'तुम्ही एक जिना उतरताय, खाली दार आहे, दार उघडा.' मग प्रश्न: पायांकडे बघा, काय घातलंय? जवळ कोण आहे? साल कोणतं? आता मृत्यूच्या क्षणी जा. बघा, प्रत्येक प्रश्नात उत्तराचा अर्धा भाग आधीच भरलेला आहे. काहीच दिसत नाही म्हणायची सोय नाही, पैसे भरलेले आहेत आणि समोरचा वाट बघतोय. शाळेतला इतिहास, मालिका, आजीच्या गोष्टी मदतीला येतात. शनिवारवाड्याच्या सावलीत वाढलेल्याला दारामागे पगडी दिसली तर नवल कसलं? 'सन १७६१' असं फाडकन उत्तर आलं तर तिथेच थांबवा. पानिपतावर गेलेला मराठा शके १६८२ म्हणेल.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस यांनी हे तपासलं, १९९१ साली निष्कर्ष छापले. एक जण इसवी सनाच्या हिशेबानं साल सांगणारा रोमचा सम्राट ज्युलियस सीझर निघाला. सीझर सम्राट कधीच नव्हता, आणि तसं साल त्या काळात कोण सांगणार? त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पूर्वी लहान मुलांचा फार छळ व्हायचा असं काहींना आधी सांगून ठेवलं, तर त्यांच्या 'मागच्या जन्मात' छळ जास्त निघाला. म्हणजे संमोहनवाला जे पेरतो तेच उगवतं. साडेतीन वर्षांच्या पोराला खुर्चीत झोपवता येत नाही म्हणून काही ठिकाणी आईला झोपवून तिच्यामार्फत पोराचा जन्म 'बघतात'. मग आई घरी परतते ती मुलाचा गळा कापलेला डोळ्यांनी पाहून. ते चित्र काढून टाकायला कुठलं सेशन आहे?

अन् गंमत अशी की संमोहनानं मागचे जन्म काढण्याला सगळ्यात ठाम विरोध केला तो स्टीव्हन्सन यांनीच. मानसोपचारकाची फसगत म्हणून १९९४ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. मेसेजात वर त्यांचं नाव, खाली ते ज्याला फसगत म्हणाले त्याचा नंबर!

'फिट मुळापासून जाते' हे तर सरळ धोकादायक आहे. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर झटके एकामागून एक, न थांबता येऊ शकतात आणि त्यात जीव जातो. 'मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस' असं भासवून लैंगिक संबंध ठेवणं तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतच आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. कायद्यात हे लिहावं लागलं, यावरून काय ते समजा.

लोक मानतात कारण मानावंसं वाटतं, यात मूर्खपणा नाही. आजोबा गेल्यावर वर्षभरात नातू होतो, त्याच नावाची कुजबुज त्याच्या कानात होते, आणि तो चहा बशीत ओतून प्यायला की सगळ्यांचे डोळे भरून येतात. 'माझ्याच वाट्याला का?' याला डॉक्टरकडे उत्तर नसतं, कर्माकडे असतं. पण हेच उत्तर जन्मतः अपंग मुलाच्या आईला ऐकवतात, तेव्हा ते सांत्वन राहत नाही.

राहता राहिलं मावशींचं काम. या वयात डोक्यावरून पाणी नकोसं होणं अगदी नेहमीचं आहे. डोळ्यांत जातं, श्वास अडकतो. पाण्याचा लहानसा मग त्याच्याच हातात द्या, आधी खांद्यापर्यंत, मग कपाळावर घडी केलेला पंचा धरून मागून थोडं थोडं. घाई नको. 'माझं दुसरं घर आहे' असं कधी म्हणाला तर तारीख घालून त्याचेच शब्द लिहून ठेवा, उलट प्रश्न एकही विचारू नका; अशी बोलणी साधारण पाच ते आठ वर्षांच्या दरम्यान आपोआप बंद पडतात, हेही स्टीव्हन्सन यांचंच निरीक्षण. भीती फारच वाढली तर बालरोगतज्ज्ञ, आणि त्यांनी सुचवलं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आणि त्या सेशनचे आगाऊ भरलेले पैसे आजच परत मागा.