नागाचं विष, कोरोना आणि ‘खंबीर मन’

“अमेरिकेत फाशीच्या एका कैद्याला शास्त्रज्ञांनी सांगितलं, तुला नाग डसवून मारणार. डोळ्यांवर पट्टी बांधून नुसती सेफ्टी पिन टोचली. कैदी दोन सेकंदांत गेला आणि शवविच्छेदनात चक्क विष सापडलं! माणसं कोरोनाने नाही, भीतीने मेली. ज्याचं मन खंबीर, त्याला काही झालं नाही. बातम्या बंद करा, आनंदी राहा.”

साथीत हा मजकूर फॅमिली ग्रुपांवर धो धो फिरला. पाठवणारे बहुधा काका किंवा थोरले मामा, खाली हात जोडलेले. उलट कोण बोलणार?

आधी तो नाग. गोष्टीत तुरुंगाचं नाव नाही, शास्त्रज्ञाचं नाही, साल नाही. नागाचं विष म्हणजे त्याच्या विषग्रंथीत तयार होणारी प्रथिनं. माणूस कितीही घाबरला तरी त्याच्या अंगात ती बनायची सोयच नाही. खरा नाग चावला तरी दोन सेकंदांत कोणी जात नाही. श्वासाचे स्नायू लुळे पडायला वेळ लागतो, म्हणून तर वेळेत प्रतिविष मिळालं की माणसं वाचतात.

मनाचा शरीरावर परिणाम होतो, हे मात्र खरं. कोविड लशींच्या चाचण्यांत ज्यांना लस नसलेलं नुसतं इंजेक्शन दिलं, त्यांच्यातल्याही सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असे त्रास सांगितले. पण डोकं दुखणं वेगळं आणि न्यूमोनिया होऊन रक्तातला ऑक्सिजन ८० टक्क्यांवर येणं वेगळं.

शिवाय भीतीनेच मारलं असतं, तर जास्त धास्तावलेले जास्त गेले असते. झालं उलटं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासाचा अंदाज असा, की साथीमुळे २०२० मध्ये नैराश्याचे सुमारे ५.३ कोटी आणि चिंताविकाराचे ७.६ कोटी रुग्ण वाढले. वाढ तरुणांत आणि बायकांत जास्त. कोविडचे मृत्यू मात्र वयस्कर माणसांत आणि पुरुषांत जास्त. खरं तर एवढा एक मुद्दा पुरे.

राहिलं ‘खंबीर मन’. २४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊनचे २१ दिवस सांगितले, मग मुदत वाढतच गेली. संकट केवढं आणि किती दिवसांचं हे कळलं तर माणूस कंबर कसतो. काहीच कळेना झालं की पोखरला जातो. तासातासाला ऑक्सिमीटरमध्ये बोट घालून ९४ की ९३ बघणारा भित्रा नव्हता. हातात काहीच उरलं नव्हतं, तेव्हा त्याने निदान आकडा धरून ठेवला. आणि ज्याचं हातावर पोट, त्याला काम बंद पडल्यावर ‘आनंदी राहा’ म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा.

‘बातम्या बंद करा’ हे मात्र अर्धं बरोबर आहे. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरच्या आठवड्यात रोज सहा तासांहून जास्त त्याच बातम्या पाहणाऱ्यांत तीव्र ताण प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त आढळला होता. पण एप्रिल २०२१ मध्ये बेड कुठे, रेमडेसिविर हे औषध कुठे, हे त्याच फोनवर कळत होतं. तो बंद कसा करायचा?

सगळ्यात वाईट भाग शोकाचा. अंत्यसंस्काराला माणसं मोजून, कित्येकांना चेहराही दिसला नाही, दहावा व्हिडिओ कॉलवर. अशा घरातली मुलगी हा मजकूर वाचते, तेव्हा तिच्या पदरात एवढंच पडतं, की बाबा घाबरले म्हणून गेले. व्हेंटिलेटर मिळाला नव्हता, हे त्यात कुठे येतच नाही.