मालवणी कळते, पण बोलता येत नाही?

मुंबईत वाढलेल्या आमच्या पिढीत अशी माणसं घरोघरी आहेत. आईबाबा आपसात मालवणी बोलायचे, गावाहून फोन आला की मालवणी, आणि आमच्याकडे वळले की मराठी. पोरं शाळेत मागे पडू नयेत ही काळजी. त्यामुळे आम्हाला भांडण, कुजबुज, शिवी, सगळं कळतं. तोंड उघडलं की मात्र मराठीच येते.

आता मी मालवणात राहते आणि ठरवून मालवणी बोलते.

कळतं म्हणजे अर्धं आलंच, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. ऐकताना क्रियापदाचा शेवट निसटला तरी भागतं, कारण कोण आलं ते समोर दिसत असतं. बोलताना तो शेवट आपल्यालाच निवडायचा असतो. तो इलो, ती इली, मी इलंय. तू जातंस, तो जाता. आणि उद्याचं असेल तर मी जातलंय. हे पाठ करून जिभेवर बसत नाही. मला उपयोग झाला तो एकाच माणसाशी एकाच विषयावर रोज बोलण्याचा. बाजारातल्या मासेवालीशी. "बांगडे कसे दिलंस गो? माका साफ करून दी." शब्द ठरलेले, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, त्यामुळे माझं व्याकरण तपासायला तिला सवड नसते. हळूहळू त्यात जून-जुलैची मासेमारी बंदी आली, तिच्या लेकीचं लग्न आलं, आणि बोलणं लांबत गेलं.

घरी उलट. मी मालवणीत सुरुवात केली की आत्या, काकी कौतुकाने हसतात आणि उत्तर मराठीत देतात. त्यात माया आहे, मला ठाऊक आहे. पण त्या हसण्याने किती पोरं कायमची गप्प झाली असतील!

हसू येतं, कारण मालवणी म्हणजे विनोद हे डोक्यात घट्ट बसलंय. मच्छिंद्र कांबळींनी ही बोली मुंबईच्या रंगभूमीवर गाजवली, ते ऋण फार मोठं आहे. पण पुढे मालिका आणि रील्समध्ये तिची नुसती फोडणी उरली. आपल्या दशावतारातही राजा ग्रांथिक मराठी बोलतो, मालवणी येते ती बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी. मग मुंबईचं पोर बोलायला लागलं की ते नक्कल करतंय असंच वाटतं.

पण देवळातलं गाऱ्हाणं आठवा. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू होतं आणि मग आजारपण, अडलेलं लग्न, पोराची नोकरी, गावावरचं संकट, सगळं देवापुढे मालवणीत मांडलं जातं. जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. तिथे कोणी हसत नाही. माणसाच्या सगळ्यात गंभीर गोष्टी जी भाषा पेलते, ती दवाखान्यात, बँकेत, ग्रामसभेत का नको? परवा दवाखान्यात एक आजी डॉक्टरांसाठी मराठी शब्द शोधत राहिली. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "पोटात ढवळता गो माज्या, सांग तेका." दुखणं तिने एका दमात सांगितलं.

(मालवणी मराठीची की कोकणीची, हा वाद अभ्यासकांनी घालावा. जनगणनेत ती कोकणीखाली मोजतात, आम्ही स्वतःला मराठी म्हणवतो. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही मनापासून आनंदलो.)

घरातल्या मोठ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पोर अडखळलं तरी मराठीत वळू नका. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या, उत्तर मालवणीतच द्या, दुरुस्ती नंतर करा.

आणि चाकरमान्यांच्या पोरांनो, गणपतीची तिकिटं काढाल तेव्हा गावी फोन लावा. येण्याची तारीख मालवणीत सांगा. आजी मराठीत बोलायला लागलीच, तर तिला म्हणा, "आजये, माका मालवणीतच सांग."