माझीच खतावणी बघायला दरवर्षी भाडं कशाचं?

दुकान माझं, गिऱ्हाईक माझं, उधारी माझी, आणि बुडाली तर तीही माझीच. मग कुणाकडं किती बाकी आहे हे बघायला मी दरवर्षी हिशोबाच्या सॉफ्टवेअरवाल्याला पैसे का मोजायचे? गेल्या दिवाळीपासून हा एकच प्रश्न विचारायलोय. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला विचारला, सीएच्या ऑफिसात विचारला, कंपनीच्या फोनवर विचारला. सरळ उत्तर एकानं दिलं नाही. सगळ्यांचं एकच पालुपद, अपग्रेड करा.

निलंग्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. खत, बियाणं, औषधं, फवारणीचे पंप, थोडं ठिबकचं सामान. हिशोबाचं सॉफ्टवेअर व्हॅटच्या काळातलं. एकरकमी पैसे देऊन घेतलं, तेव्हा विकणाऱ्यानं "शेठ, एकदा घ्या, पुन्हा खर्च नाही" असं तोंड भरून सांगितलं होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला, पुन्हा पैसे भरून त्यात जीएसटी बसवून घेतला. आता कंपनी म्हणते, ही आवृत्ती आम्ही बंद केली, दुरुस्ती मिळणार नाही, नवीन घ्या. आणि नवीन विकत मिळतच नाही, वर्षाच्या वर्गणीवर मिळतं. वर्गणी थांबली की बिल बनायचं बंद. जुनी बिलं नुसती बघायला मिळतील म्हणे, तेही किती दिवस ते कुणी सांगत नाही.

जुन्यावर भागत नाही हे मलाही दिसतंय, डोळे आहेत मला. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचा १२ टक्क्यांचा टप्पाच गेला. ठिबक, तुषार, फवारणीचे पंप, सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ वरून ५ वर आली. रासायनिक औषधं १८ वरच राहिली, खत ५ वरच. शेतकऱ्याचं भलं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये एका मालाला एकच दर. कोणत्या तारखेपर्यंत जुना आणि कोणत्या तारखेपासून नवा, हे त्याला सांगायची सोयच नाही. श्रावणात विकलेला पंप दसऱ्यानंतर परत आला की क्रेडिट नोट, म्हणजे परतीचं बिल, नव्या दरानं निघते. विक्री जुन्या दराची, तर परतीही जुन्याच दरानं दाखवायला पाहिजे. मग करायचं काय, तर त्याच मालाच्या नावानं दुसरा आयटम उघडायचा. माल गोदामात एका थप्पीला आणि हिशोबात दोन ठिकाणी. पंपाचं एक वेळ चालवून घेऊ, पण सूक्ष्म अन्नद्रव्यं खत नियंत्रण आदेशाखाली येतात. निरीक्षक आले की साठा रजिस्टर आणि थप्पी जुळवून बघतात. जुळलं नाही तर लायसनचा प्रश्न, आणि तिथं "साहेब, सॉफ्टवेअर जुनं आहे" हे कुणी ऐकून घेत नाही.

त्याच्या आधी मे २०२५ च्या विवरणापासून जीएसटीआर-१ च्या, म्हणजे विक्रीच्या विवरणाच्या, बाराव्या तक्त्यात एचएसएनची (मालाच्या कोडवार) बेरीज दोन भागांत द्यायची आली, जीएसटी नोंदणीवाल्या गिऱ्हाइकांची वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. आमचं सॉफ्टवेअर एकच बेरीज काढतं. खेड्यापाड्यातले नोंदणीवाले छोटे दुकानदार माझ्याकडून माल नेतात, त्यांची बिलं हातानं वेगळी काढून एक्सेलमध्ये मांडावी लागतात. विवरणाची मुदत अकरा तारखेची. दहा तारखेला आमचे मुनीम काका रात्री उशिरापर्यंत डोळे फोडत बसलेले असतात. या वयात त्या माणसाला हे करायला लावताना मला लाज वाटते.

तर बदलायला पाहिजे, कबूल. पैसेही लागतील, कबूल. पण ज्या पद्धतीनं हे विकायला येतात ना, त्यानं डोकं फिरतं.

लातूरहून एक पोरगा आला, चहा घेतला आणि सुरू झाला. "शेठ, ई-इन्व्हॉइस सगळ्यांना सक्तीचं झालंय, तुमच्यात निघत नाही, दंड बसंल." साफ खोटं. ई-इन्व्हॉइस म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, आणि १ ऑगस्ट २०२३ पासूनची त्याची अट वर्षाला पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना आहे. मी त्याच्या आसपासही नाही. हे तोंडावर सांगितलं तर लगेच दुसरं काढलं, "मग एडिट लॉगचं काय करणार? तोबी कायद्यानं लागायलाय." एडिट लॉग, म्हणजे हिशोबात कधी काय बदललं याची नोंद, १ एप्रिल २०२३ पासून लागतो तो कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना. माझी एका माणसाची फर्म, माझा त्याच्याशी संबंध काय? मी हे वाचून ठेवलं होतं म्हणून त्याला गप्प करता आलं. ज्यांनी वाचलं नाही, जे दिवसभर काउंटरवर पोती मोजतात, त्यांच्याकडून याच भीतीवर चेक घेऊन जात असणार हे लोक. तालुक्याच्या माणसाला कायदा कळत नाही असं धरूनच दुकानाची पायरी चढतात. याची मला मनापासून चीड आहे.

आणि खर्च एकट्या सॉफ्टवेअरचा कुठंय? नवी आवृत्ती जुन्या कॉम्प्युटरवर चालत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ माझ्या मशीनवर बसत नाही. म्हणजे कॉम्प्युटर नवा. कॉम्प्युटर नवा म्हणजे जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडायला जागा नाही, म्हणजे प्रिंटर नवा, बिलाचा कागद वेगळा. कोटेशनवर मात्र पहिल्या वर्षाच्या वर्गणीचा आकडा मोठ्या अक्षरात, बाकीचं सगळं "नंतर बघू". एवढं करून खताच्या पॉस मशीनवरची, म्हणजे शेतकऱ्याचा अंगठा घेऊन खत विकायच्या सरकारी मशीनवरची, विक्री त्यात आपोआप येते का विचारलं, तर नाही. अंगठा पॉसवर, बिल इकडं, म्हणजे नोंद दोनदा ती दोनदाच. मग नवीन काय मिळालं मला?

खरा संताप मात्र मागच्या हिशोबावरून आहे. आमच्या खतावणीत नावं मराठीत आहेत, जुन्या फॉन्टात टाइप केलेली. नमुना म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांनी आमचा बॅकअप नव्यात उघडून दाखवला, तर नावांच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा. "इंग्रजीत टाकून घ्या" म्हणे. कोण टाकणार? एकाच गावात पाच-सहा शिंदे, त्यात दोघांचं नाव ज्ञानोबा, वडिलांचं नावही सारखं. कुणाला वाडीवरून ओळखतो, कुणाला शेतावरून, कुणाच्या पुढं थोरले-धाकटे लावलेलं असतं. ही माणसं इंग्रजीत एका खात्यात गेली तर थोरल्याच्या नावावर धाकट्याची उधारी चढणार, आणि दोन घरांत भांडण लागणार ते माझ्या दुकानामुळं.

त्यावरही तोडगा तयारच. "फक्त ३१ मार्चची बाकी नव्यात आणू, मागचं सगळं जुन्यातच राहू द्या." किती सहज म्हणतात! सोयाबीनचं माप झाल्यावर शेतकरी पैसे घेऊन येतो आणि पहिलं विचारतो, "ही बाकी कशाची?" त्याला तारीख दाखवावी लागते, कोणतं खत, किती पोती, मध्ये किती जमा केले, सगळं. पाऊस दगा देतो, भाव पडतो, तरी तो येतो, कारण माझ्या वहीवर त्याचा भरवसा आहे. त्याला नुसता आकडा दाखवू? उधारीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, आणि जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची असतात. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या. दुबार पेरणीच्या संकटातला शेतकरी बिल मागायला आला की त्याच्या हातात बियाण्याच्या पिशवीचा लॉट नंबर असलेला कागद द्यावाच लागतो, तक्रारीला दुसरा आधार कोणता? बिल हरवलेलं असलं तर दुसरी प्रत माझ्याच कॉम्प्युटरमधून निघते. आणि हे म्हणतात राहू द्या मागचं!

बरं, सगळं घ्या असं म्हटलं, तर एकदा नव्या आवृत्तीत गेलेला डेटा जुन्यात परत उघडत नाही. जायला रस्ता आहे, यायला नाही. पुढच्या वर्षी वर्गणी दुप्पट केली तर मी काय करणार? दुसऱ्या कंपनीकडं जायचं म्हटलं तर हिशोब यांच्याच साच्यात अडकलेला. मी विचारलं, प्रत्येक बिल, प्रत्येक जमा, मालाच्या ओळीसकट एक्सेलमध्ये बाहेर काढून मिळेल का? विकणारा म्हणाला, "रिपोर्ट निघतात की." रिपोर्ट नकोत मला. माझा पूर्ण हिशोब पाहिजे, कुणाला न विचारता, वर्गणी संपल्यावरसुद्धा. कंपनीच्या नंबरवर तेच विचारलं तर हिंदीतून तक्रार क्रमांक मिळाला आणि विषय संपला.

"क्लाउडवर टाका, काळजीच नाही" असंही एकानं सुचवलं, म्हणजे हिशोब इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर. मृगाचा पाऊस पडला की दुकानासमोर उभं राहायला जागा नसते. नेमकी तेव्हाच लाईट जाते. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की नेट गेलेलं. अशा वेळी पेरणीसाठी थांबलेल्या माणसाला मी "सर्व्हर येऊ द्या" म्हणू?

सीए साहेबांना मी स्वच्छ सांगितलंय. बदलणार, पण ३१ मार्चला वर्ष बंद करून, एप्रिल-मेमध्ये. जूनच्या तोंडावर कुणी कितीही घाई केली तरी नाही. बिल दुकानातल्या मशीनवर, नेट नसतानाही निघालं पाहिजे. नावं मराठीतच राहतील, आणि ती नीट आली का हे मुनीम काका खातं-खातं तपासतील, तोवर पूर्ण पैसे मिळणार नाहीत. जुना कॉम्प्युटर पुसायचा नाही, त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घरी राहील. आणि वर्गणी भरली नाही तरी माझा सगळा हिशोब मला काढून घेता येईल, हे कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी पाहिजे. तोंडी आश्वासन मागच्या वेळी घेऊन झालंय. निलंगा, औसा, उदगीर, कुठलाही दुकानदार भाऊ हे वाचत असेल तर त्यानंही चेक फाडायच्या आधी हा कागद मागावा. चार जणांनी मागितला तर टाळतील, मोंढ्यातल्या सगळ्यांनी मागितला तर द्यावाच लागेल.